पश्चिमेची भिंत

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि किस्से. पाकिटं बायको फेकून देते. किस्से फेकता येत नाहीत, म्हणून ते लोकांना ऐकवावे लागतात!

आम्ही चौघे एकाच बांधकाम कचेरीतून निवृत्त झालो. कल्याणचा काझी साइट सुपरवायझर होता. ठाण्याचा परेरा सुतारखात्यात. ठाकुर्लीचा सॅमसन रोहेकर ड्राफ्ट्समन. तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आणि मी वर्तकनगरचा कारकून, म्हणजे या तिघांच्या अर्धवट इमारती कागदावर पूर्ण करणारा.

आता रविवारी आम्ही जुनी देवळं, चर्च, मशिदी, सिनेगॉग बघत फिरतो. बघायला पैसे पडत नाहीत आणि भांडायला विषय मिळतो.

*

कल्याणच्या पुढे एका खेड्यातल्या देवळात भलीमोठी घंटा आहे. तिच्यावर क्रॉस कोरलेला. पोर्तुगिजांच्या चर्चमधून मराठ्यांनी आणलेल्या अशा घंटा आपल्याकडे बऱ्याच देवळांत सापडतात.

परेरा तिच्याखाली बराच वेळ उभा राहिला. त्याच्या गळ्यातला क्रॉस बघून गुरव घाबरला. "आमच्या पणजोबांच्या आधीपासून इथेच आहे हो ही!"

"राहू दे बाबा," परेरा म्हणाला. "आमच्याकडे दोरी ओढणारा एकच असतो. इथे जो येतो तो वाजवतो. प्रमोशन झालं तिचं!"

*

एका जुन्या चर्चच्या टोकदार खिडक्या बघून काझी म्हणाला, "ही कमान आमच्या मशिदींकडून तिकडे गेली."

"वा रे वा! चर्च माझं आणि कमान तुझी?" परेरा भडकला. निवाडा सॅमसनकडे गेला.

"मला कशाला विचारता?" सॅमसन म्हणाला. "आमच्या सिनेगॉगच्या खिडक्या याच्यासारख्या, नक्षी त्याच्यासारखी, आणि माझी आजी तर सिनेगॉगला शेवटपर्यंत मशीदच म्हणायची."

"मग तुमचं स्वतःचं काय?" मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला. "पश्चिमेची भिंत."

*

ही भिंत काय प्रकार आहे ते मला पुढच्या वर्षी कळलं.

सॅमसनच्या आईवडलांचं लग्न ज्या लहानशा प्रार्थनाघरात लागलं, ते मोडकळीला आलं होतं. माणसं इस्रायलला गेली, उरली ती म्हातारी झाली. समाजाच्या पंचांनी सॅमसनला सांगितलं, "दुरुस्ती कर. पण पहिल्या प्रार्थनेला दहा पुरुष जमले तरच ते चालू ठेवू. नाहीतर ग्रंथ मोठ्या सिनेगॉगमध्ये हलवू आणि इथे कुलूप." दहा पुरुषांशिवाय त्यांची सामुदायिक प्रार्थना होत नाही.

एका तरुण आर्किटेक्टने हौसेने नकाशा काढून दिला. सुरेख नकाशा! पवित्र ग्रंथाचं कपाट मात्र पूर्वेच्या भिंतीत.

काझीने तो उलटसुलट करून बघितला. "साहेब, हे लोक जेरुसलेमला पाठ दाखवून उभे राहणार का?"

"सर, पुस्तकात सगळीकडे पूर्वच आहे."

"पुस्तक युरोपचं असेल. तिथून ते पूर्वेला. इथून जेरुसलेम पश्चिमेला आणि मक्काही पश्चिमेलाच."

"आमच्या चर्चमधलं अल्टार तेवढं पूर्वेला," परेरा हळूच म्हणाला. "म्हणजे पुस्तक माझ्या बाजूचं आहे!"

*

बायकांनी बसायच्या गॅलरीचा कठडा परेराने केला. सागवानी, फुकट, आणि मन लावून. बसवून झाल्यावर सॅमसन खाली उभा राहून बघत राहिला. कठड्याच्या प्रत्येक चौकटीत एक क्रॉस होता!

"अरे देवा," परेराने डोक्याला हात लावला. "आमच्या घरात कठडा म्हटला की हाच. हात आपोआप गेला."

काढायचा तर सगळं लाकूड वाया. शेवटी काझीने तोडगा काढला. "प्रत्येकात दोन तिरक्या पट्ट्या मार." पट्ट्या मारल्या आणि क्रॉसचा तारा झाला.

"हा आमच्या जाळीतला नमुना," काझी खूश.

सॅमसनने टोकं मोजली. "आमच्या ताऱ्याला सहा असतात. इथे आठ आहेत. असू देत, दोन पाहुण्यांची!"

*

पहिल्या प्रार्थनेच्या सकाळी मोहन्यापासून ठाण्यापर्यंतचे सगळे आले. सगळे म्हणजे सॅमसन धरून नऊ.

दहावा त्याचा मुलगा रूबेन झाला असता. पण त्याने इस्रायलहून फोनवर सांगितलं होतं, "बाबा, एका प्रार्थनेसाठी एवढा प्रवास कोण करतं?"

"मला धरा की दहावा," परेरा म्हणाला.

"धरलं असतं रे," सॅमसन म्हणाला. "पण तू कठड्यात क्रॉस घालतोस."

हसायचं म्हणून सगळे हसले. पंच घड्याळ बघायला लागले. सॅमसन आता पश्चिमेच्या भिंतीत बसवलेल्या नव्या कपाटावरून हात फिरवत होता, पुसलेलंच पुन्हा पुसत होता. काझीचा पत्ता नव्हता.

दुपार व्हायला आली तेव्हा काझीची गाडी दारात थांबली आणि तिच्यातून रूबेन उतरला, विमानतळावरून थेट, चुरगळलेल्या शर्टात. काझीने त्याला फोनवर काय सांगितलं होतं, ते दोघांनीही आजवर सांगितलेलं नाही.

रूबेनचं डोकं उघडं होतं, उघड्या डोक्याने त्यांची प्रार्थना होत नाही, आणि सुट्या टोप्यांची पेटी दुरुस्तीच्या सामानात हरवली होती. काझीने स्वतःच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला आत ढकललं. "जा. बाप उभा आहे."

आम्ही तिघे व्हरांड्यात थांबलो. आतून दहा आवाज आले.

प्रार्थना संपली. सॅमसन डोळे पुसत बाहेर आला. लांबून दुपारची अजान ऐकू येत होती. काझी नळावर हातपाय धुऊन उभा होता आणि सवयीने डोकं चाचपत होता.

"सॅमसन, माझी टोपी आण रे आतून. नमाजाची वेळ झाली."

सॅमसनने आत बघितलं. गॅलरीतल्या म्हाताऱ्या खाली येऊन रूबेनच्या गालांवरून हात फिरवत होत्या.

"ती राहू दे त्याच्या डोक्यावर," सॅमसन म्हणाला. आपली मखमली टोपी काढून त्याने काझीच्या डोक्यावर नीट बसवली आणि त्याला खांद्याला धरून पश्चिमेच्या भिंतीकडे वळवलं.

"दिशा तीच आहे. उभा राहा."