पेन्सिल खाली ठेवून ऐकणारी

चिंचवडच्या मराठी शाळेत शिकलेली बाई न्यूझीलंडमध्ये बसून चिनी मुलांचं इंग्रजी तपासते, याचं माझ्या आईला अजून हसू येतं. "तिथले गोरे काय संपावर गेलेत का गं?" असं फोनवर विचारते. हसू दे तिला. मला हे काम आवडतं, आणि जमतंही. अप्पर हटच्या ज्या हायस्कूलमध्ये मी आहे, तिथे टर्म सुरू झाली की चीनहून नवी मुलं येतात. वर्गात बसवण्याआधी त्यांची एक परीक्षा होते. एक उतारा वाचून उत्तरं लिहायची आणि एक रेकॉर्डिंग ऐकून उत्तरं लिहायची. दोन्हीत ठरलेल्या रेषेच्या वर गेलं तर मूल आमच्याकडे राहतं. खाली राहिलं तर आधी वर्षभर ऑकलंडच्या लँग्वेज स्कूलला जायचं, अनोळखी घरात होमस्टे घ्यायचा, इंग्रजी पक्कं करायचं आणि मग परत यायचं. ऑकलंड इथून विमानाने जायचं अंतर आहे. नियमात मात्र ते एका ओळीत संपतं.

त्या टर्मला आलेल्या मुलांपैकी बरीच मोठ्या शहरांतली होती. चांगल्या शाळांमधली, परीक्षा देऊन देऊन मुरलेली. एक मुलगी वेगळी होती. ती एका लहान गावातून आलेली, सोळा वर्षांची, केस कानाच्या वर कापलेले. मी इथल्या माओरी पद्धतीने "किया ओरा" म्हणून नमस्कार केला तर उभी राहून वाकली. मी म्हटलं, बस बाई, इथे कुणी उभं राहत नाही.

तिच्या बहिणीला मी आधीपासून ओळखत होते. इथल्या मॉलमध्ये कपडे दुरुस्त करून देण्याचा तिचा छोटा स्टॉल आहे. पँट आखूड करायची, चेन बदलायची, असली कामं. माझी साडीची ब्लाऊजं मी तिच्याकडेच उसवून सैल करून घेते. पहिल्यांदा नेली तेव्हा तिने कापड उलटं-सुलटं करून पाहिलं आणि शिलाईत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड बघून म्हणाली, "ज्याने हे शिवलं त्याला माहीत होतं, तुम्ही जाड होणार." अशी फटकळ बाई मला न आवडून कसं चालेल? तेव्हापासून आमची गट्टी.

तिनेच मला सगळं सांगितलं होतं. आईवडील दूरच्या शहरात कामाला, धाकटी गावी आजीजवळ. मोठी इकडे शिकायला आली तेव्हा धाकटी पहिली-दुसरीत असेल. मोठी इकडेच राहिली. अधूनमधून व्हिडिओ कॉल, बस. गेल्या हिवाळ्यात आजी गेली आणि घरात मुलगी एकटी उरली. मग मोठीने इकडेतिकडे धावपळ करून तिला आपल्याजवळ आणलं. "आता मी तिला सोडणार नाही," असं ती माझ्या ब्लाऊजच्या टाचण्या तोंडात धरून म्हणाली होती. मी म्हटलं, कशाला सोडशील? परीक्षा तेवढी द्यायची आहे, मुलगी हुशार आहे.

वाचनाचा पेपर त्या मुलीने सगळ्यांच्या आधी संपवला. मी सहज नजर टाकली, तर एकही चूक दिसेना. मनात म्हटलं, झालं, सुटलो. मग ऐकण्याचा पेपर सुरू झाला. मी सूचना वाचून दाखवली: रेकॉर्डिंग एकदाच लावलं जाईल, ऐकता ऐकता उत्तरं लिहा. पेपरच्या पहिल्या पानावरही तेच छापलेलं असतं. बटण दाबलं. एक शिक्षक मुलांना सहलीची माहिती देतोय, असं काहीतरी होतं. बाकीची मुलं माना खाली घालून खरडायला लागली.

या मुलीने पेन्सिल बाकावर ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले.

मला वाटलं, घाबरली. मग वाटलं, चक्कर येतेय की काय. पण चेहरा शांत होता, आणि मधूनच भुवई हलत होती. परीक्षा चालू असताना बोलता येत नाही, त्यामुळे मी नुसती चुळबुळत राहिले. रेकॉर्डिंग संपलं. मी "पेपर द्या" म्हटलं. मुलं उठली. हिने मात्र डोळे उघडले, पेन्सिल हातात घेतली, छान सरसावून बसली आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "टीचर, आता दुसऱ्यांदा?"

मी तिच्या बाकाशी जाऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

तिच्या शाळेत ऐकण्याचा प्रत्येक उतारा दोनदा लावत. त्यांच्या सरांचा कडक दंडक होता: पहिल्यांदा फक्त ऐकायचं, पेन्सिलीला हात लावायचा नाही, दुसऱ्यांदा लिहायचं. पहिल्या वेळी कुणी पेन्सिल उचललीच तर अख्खा तास मागे उभं राहायचं. वर्षानुवर्षं तेच केलेलं. "एकदाच" हे मी वाचलेलं तिने ऐकलं होतं, कागदावर पाहिलंही होतं. पण आवाज सुरू झाला आणि हात आपोआप मांडीवर गेले. हे सगळं सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला तिच्यापुढे वाकून ऐकावं लागलं. मी तिच्यावरच चिडले. "अगं, पण डोळे उघडून एकदा शेजारी तरी बघायचं!" असं चक्क मराठीत म्हटलं. तिला काय कळणार? तिने "सॉरी, टीचर" म्हणून टाकलं. त्या सगळ्या गोंधळात मी रागावलेय, तेवढं तिला बरोबर कळलं.

आमच्या विभागाची हेड ही तशी प्रेमळ बाई आहे. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून शाळेत येते, प्रत्येक गोष्टीला "स्वीट ॲज", म्हणजे "एकदम मस्त", म्हणते. पण परीक्षेच्या बाबतीत कुणाला एक इंच सवलत नाही. कोरा पेपर बघून तिने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "वाचन उत्तम, ऐकणं शून्य. ऑकलंड." आणि कॉफी प्यायला लागली.

माझं डोकं सणकलं. नाकावर राग हा माझा जन्माचा दागिना आहे, नवरा म्हणतो ते काही खोटं नाही. मी म्हटलं, "तू मला सांग, आपण ऐकण्याची परीक्षा घेतो की लिहिण्याची? त्या खोलीत सगळ्यात जास्त ऐकलं असेल तर या पोरीने. बोलव तिला आणि विचार." हेड म्हणाली, तसा नियम नाही. मी म्हटलं, "मार्क देऊ नकोस. नुसतं ऐक." आणि उत्तराची वाट न बघता मुलीला आत घेऊन आले.

मुलगी उभी राहिली, डोळे मिटले आणि सांगायला लागली. तिचं इंग्रजी तुटक होतं, मी इथे सांगते आहे तितकं सरळ नव्हतं. पण ती सांगत गेली. सर आधी बसची एक वेळ सांगतात, मग माफी मागतात आणि उशिराची सांगतात, कारण रस्त्यावर पुलाचं काम चाललंय. डबा आणायचा, काचेची बाटली आणायची नाही. एक मुलगा विचारतो, मोबाइल चालेल का, आणि सर लगेच उत्तर देत नाहीत, थोडं थांबून मग हो म्हणतात, म्हणजे त्यांना ते आवडलेलं नाही. मग म्हणाली, "शेवटी सर टॉग्ज आणा म्हणतात. हा शब्द मला माहीत नाही. पण आधी नदीचं बोलले, नंतर टॉवेलचं बोलले. म्हणून ते पोहायचे कपडे असणार."

हेडने कप खाली ठेवला. मला तर त्या पोरीला तिथेच जवळ घ्यावंसं वाटलं.

"माझा विश्वास बसला," हेड म्हणाली. "पण फाइलमध्ये कोरा पेपर आहे, आणि कोऱ्या पेपरवर मी सही करू शकत नाही." शेवटी असं ठरलं, की शुक्रवारी दुसरं रेकॉर्डिंग लावून तिची एकटीची पुन्हा परीक्षा घ्यायची. हेड स्वतः घेणार, स्वतः तपासणार. मी खोलीत नसायचं. आणि ती शेवटची संधी.

तेवढ्या दिवसांत मी तिला जेवणाच्या सुट्टीत घेऊन बसायचे. मी मोठ्याने काहीतरी वाचायचं, तिने ऐकता ऐकता लिहायचं. आणि बाई गं, जमेना! लिहायला लागली की पुढचं ऐकू येईना, ऐकायला लागली की हात जागच्या जागी थांबायचा. मी कॅन्टीनचा मेनू वाचला, ट्रेनच्या वेळापत्रकातल्या सूचना वाचल्या, हवामानाचा अंदाज वाचला. पहिल्या वाक्याचे दोन शब्द कागदावर, पुढे सगळं कोरं. बुधवारी तिने पेन्सिल ठेवून दिली आणि म्हणाली, "टीचर, ऑकलंडला थंडी जास्त असते का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते रागावर नेलं. "कुठे जायचं नाहीये तुला. उचल ती पेन्सिल," म्हणाले.

त्या संध्याकाळी ब्लाऊज आणायच्या निमित्ताने मी मॉलमध्ये गेले. खरं तर तिच्या बहिणीला सांगायचं होतं, की मला काही सुचत नाहीये. तर दोघी स्टॉलमध्ये बसलेल्या. मोठी मशीन चालवत चिनी भाषेत कसलीशी लांबलचक हकीगत सांगत होती. धाकटी एका पँटची शिलाई उसवत होती. मोठीचं बोलणं चालू, हिचं हसणं चालू, मध्येच हिचा प्रश्न, आणि ब्लेड टाक्याटाक्यावरून सरसर पुढे चाललेलं. एकदाही हात थांबला नाही.

मी तिथूनच ओरडले, "हेच! अगं, हेच तर करायचंय!" मॉलमधली माणसं वळून बघायला लागली. बघेनात का.

दुसऱ्या दिवशी मी तिला एक जुना कुर्ता उसवायला दिला आणि समोर बसून वाचत राहिले. कागद नाही, पेन्सिल नाही. ती उसवत होती, मी मध्येच विचारत होते, ती सांगत होती. सगळं बरोबर. मग कुर्ता काढून घेतला आणि त्याच हातात पेन्सिल दिली. म्हटलं, "परीक्षा विसर. मी तुझी ताई आहे, दुकानात बसून गप्पा मारतेय, आणि तू टाके उसवतेयस." ती लाजली. पण त्या दिवशी अर्धा कागद भरला. अर्धाच. रेषेच्या वर जायला अर्धा पुरणार की नाही, ते मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी बहीण स्टॉल बंद करून शाळेत आली. आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये, दाराच्या काचेतून आत बघत उभ्या. आवाज बाहेर येत नव्हता, नुसती हेडची पाठ आणि मुलीचा चेहरा दिसत होता. हेडने बटण दाबलेलं दिसलं. मुलीचे हात मांडीवर गेले.

"गेलं," मी म्हणाले. बहिणीने माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं दिसत होतं.

मग एक हात वर आला. पेन्सिल उचलली गेली. ती कागदावर टेकली, थांबली, आणि चालायला लागली. मुलीने कागदाकडे फारसं पाहिलंच नाही. ती समोर भिंतीकडे बघत होती, ऐकत होती, मध्येच तिच्या ओठांवर थोडं हसू आलं. हात चालत राहिला.

हेडने तिथेच बसून पेपर तपासला. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा बघून काही कळेना. अशा वेळी मला तिला एक चापट मारावीशी वाटते. मग म्हणाली, "ऐकणं, रेषेच्या जरासं वर. जरासंच. पण वर. सोमवारपासून वर्गात." माझा जीव भांड्यात पडला. मी हेडला मिठी मारली, जी आमच्याकडे कुणी कुणाला मारत नाही.

मुलगी रडली नाही, उड्या मारल्या नाहीत. बहिणीसमोर जाऊन उभी राहिली आणि चिनीत एक छोटासा प्रश्न विचारला. सोमवारी किती वाजता यायचं, असा काहीतरी असेल, असं मला तिच्या सुरावरून वाटलं. पण मोठी खाली बाकावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागली. ती फटकळ, टाचण्या तोंडात धरून बोलणारी बाई. धाकटी गोंधळून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"काय विचारलं गं तिने?" मी मोठीला म्हटलं.

तिने बाहीने डोळे पुसले. "आल्यापासून तिने बॅग रिकामी केलेली नाही," ती म्हणाली. "रोज सकाळी एक शर्ट काढते, रात्री धुऊन वाळवून परत बॅगेत ठेवते. मी कितीदा म्हटलं, कपाट रिकामं आहे. ऐकतच नव्हती. आत्ता विचारतेय, ताई, माझे कपडे कोणत्या खणात ठेवू?"