संप मिटला की

गिरण्यांच्या संपामुळे मुलीची शाळा सुटली, असं मी लालबागच्या चाळीत सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. संपात मी तिला कोकणात माझ्या आईच्या हाताखाली धाडलं, हे खरं. पण तिथे शाळा सुटलेल्या मुलींसाठी एक बाई देवळात वर्ग घ्यायच्या. त्यांनी तिची आठवीची तयारी करून घेतली.

गणपतीला गावी गेलो, तेव्हा बाई घरी आल्या. "दादा, शाळा तिला घ्यायला तयार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

"संप मिटला की बघू," मी मुलीसमोरच म्हणालो. खरं म्हणजे आईची गुरं राखायला दुसरं कोणी नव्हतं.

पुढे दर गणपतीला मुलगी उंबऱ्यातच विचारायची, "बाबा, संप मिटलो काय?"

संप कधी मिटलाच नाही.

शेजारी कौतुकाने म्हणायचे, "बापाशीची किती काळजी पोरीक!"

मी मान डोलवायचो.