हातवर सर

गेल्या पौषात, एका बुधवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, हातवर सर आमच्या शाळेच्या मैदानावर बेसबॉलची फक्की मारताना कोसळले. होमपासून पहिल्या बेसपर्यंत, तिथून दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसपर्यंत पांढरी रेघ ओढून झाली होती. चुन्याचं घमेलं हातातच होतं. सरावाला आलेल्या मुलींनी रस्त्यावरची जीप थांबवली आणि त्यांना बिदर जिल्ह्यातल्या औरादच्या दवाखान्यात नेलं. ते वाटेतच गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मैदानावर फक्की मारायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं. ते आम्ही फक्त निकालपत्रकाच्या खालच्या सहीत वाचलं. ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते आणि मुलींना बेसबॉल शिकवत. मैदानावर त्यांचा एकच नियम होता. चूक झाली की जिची झाली तिने, दुसऱ्या कुणी बोट दाखवायच्या आत, स्वतःचा हात वर करायचा. हात वर झाला की सर ओरडत, "मुंदिन बॉल!" मुंदिन म्हणजे कानडीत पुढचा. त्यानंतर त्या चुकीबद्दल कुणी बोलायचं नाही. घरी जाताना नाही, डबा खाताना नाही. "हात वर झाला की चूक संपली," असं ते म्हणत. त्यावरून पडलेलं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्नीला सगळ्या मुली अक्का म्हणत. अक्का सांगायच्या, "भाजीत मीठ जास्त पडलं तर मलाबी हात वर करायला लावतेत. सोताचा मातर कवा वर झालेला बघितला न्हाई."

बेसबॉल आमच्या गावात कसा आला, हे सांगायला हवं. सर कधीतरी बेंगळुरूला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते. नंतर क्रीडा खात्याकडून एक पोतं आलं. त्यात दोन बॅटी, थोडे चेंडू आणि चामड्याचे ग्लोव्ह होते. हेडमास्तरांनी पोतं तसंच खोलीत टाकायला सांगितलं. सरांनी ते उघडलं. सोयाबीनच्या मोकळ्या पोत्यांत वाळू भरून बेस केले, ट्रकच्या जुन्या टायरातून होम प्लेट, म्हणजे घर, कापली. बाजाराच्या दिवशी कुंपणाला टेकून लोक बघत. "हे क्रिकेटच की वो मास्तर," एकजण म्हणाला, "फकस्त पळायची दिशा चुकली." सर म्हणाले, "क्रिकेटात जाऊन परत येतेत. ह्यात घरी यायला सगळं गाव फिरून यावं लागतंय."

शिकवताना ते फार बोलत नसत. पहिला महिनाभर चेंडू दिलाच नाही. उजव्या हाताच्या मुलींनी डाव्या हातात चप्पल घालायची आणि समोरून येणारी चिंच तिच्यावर अडवायची. चेंडू मिळाल्यावर दुसरा धडा. चेंडू हातात येण्याआधी तो कुठं फेकायचा हे ठरलेलं असलं पाहिजे. खेळ थांबवून ते अचानक विचारत, "आत्ता तुझ्याकडं आला तर कुठं टाकशील?" उत्तराला वेळ लागला की ती मुलगी मैदानाला एक फेरी मारी. "आल्यावर विचार करायलीस, अव्वा," ते म्हणत. "तवर ती घरी पोचती." लहान मुलींना ते अव्वा म्हणत, म्हणजे आई.

आमच्या संघात चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर, राजी होती. शेजारच्या तांड्यावरची. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. लहानपणी ती ज्वारीची राखण करायची आणि गोफणीने पाखरं उठवायची. सरांचं तिच्या हाताकडे पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा ती चिंचेच्या झाडाला टांगलेल्या टायरातून दगड मारत होती, डाव्या हाताने. दहांतले नऊ आरपार जात होते. पोत्यातल्या ग्लोव्हांत एकच उजव्या हातात घालायचा होता. तोवर तो कुणाला उपयोगी पडला नव्हता. सरांनी तो राजीला दिला. मी कॅचर होते, होम प्लेटच्या मागे बसायची. तिचा चेंडू झेलून माझा तळवा सुजायचा. मी कण्हले की ती म्हणायची, "मग सोड की. हात वर कर."

चौदा वर्षांखालील मुलींची विभागीय स्पर्धा कलबुर्गीला झाली. अंतिम सामन्यात शेवटच्या डावात आम्ही दोन धावांनी पुढे होतो. समोरची मुलगी तिसऱ्या बेसवरून घरी पळाली. मी तिला चेंडू लावला, पण त्याच झटक्यात तो ग्लोव्हमधून निसटला, म्हणजे ती बाद नव्हती. धूळ उडाली होती. पंचांना दिसलं नाही. त्यांनी तिला बाद दिलं. मी हात वर केला. पंचांना वाटलं, मी आनंदाने हात वर केलाय. मग मी पायाजवळचा चेंडू दाखवला. धाव धरली गेली. राजीने पुढच्या दोघींना बॅट लावू दिली नाही आणि आम्ही एका धावेने जिंकलो.

बक्षीस समारंभात राज्य संघाची यादी वाचली. आमच्या विभागातून तीन नावं होती, त्यात राजीचं होतं. यादीतल्या मुलींना सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, बारावीपर्यंत शाळा. राजीच्या वडिलांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की वसतिगृह मिळालं तर कोयता नाही. नाही मिळालं तर त्या दसऱ्यानंतर तिने त्यांच्याबरोबर ऊसतोडीला यायचं.

परतीच्या बसमध्ये राजी मागच्या बाकावर उभी राहून माझी नक्कल करत होती. "ही कॅचर न्हाई, ही पोलीस हाय! पंचानं सोडलेला चोर सोता धरून देती!" मुली हसत होत्या. सर पुढे, दाराजवळच्या बाकावर बसले होते. राजी तिथूनच ओरडली, "सर, आमचे हात रोज वर. तुमचा कामून कधी वर होत न्हाई? तुमी चुकतच न्हाई व्हय?" पुन्हा हशा झाला. सर मागे वळले. हसले. मग खिडकीकडे तोंड केलं. हुमनाबाद येईपर्यंत तोंड तिकडेच होतं. एरवी ते प्रवासात मुलींना पाढे म्हणायला लावत.

सोमवारी त्यांनी खात्याला पत्र पाठवलं. त्याची प्रत पुढे मी वाचली आहे. पत्र सहा ओळींचं आहे. राजीचा शाळाप्रवेश झाला त्या दिवशी लिपिक रजेवर होते आणि प्रवेशाची नोंद सरांनी केली होती. वडिलांना जन्मतारीख सांगता आली नाही. "लई पाऊस झाला बघा त्या साली, तवाचा," एवढंच ते म्हणाले. मुलगी पावणेआठ वर्षांची असावी, हे सरांना त्या पावसावरून कळलं. पण पहिलीच्या वर्गात मोठी मुलगी दिसली की बाकीची हसतात आणि ती शाळा सोडते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून त्यांनी तिला सहा वर्षांची केलं. तारीख टाकली, एक जून.

एक जूनमध्ये नवल नव्हतं. आमच्या वर्गात तेवीस मुलं एक जूनची होती. सरांची स्वतःची जन्मतारीखही तीच. त्यांच्या वयाच्या निम्म्या शिक्षकांचीही तीच होती, म्हणून ते सगळे एकतीस मेला निवृत्त झाले. फरक सालाचा होता. कागदावर सव्वातेरा असलेली राजी प्रत्यक्षात पंधरा वर्षांची होती. हे सरांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. राजीलाही नाही. पत्राच्या शेवटी लिहिलं आहे : "ही नोंद माझ्या हातची आहे. यात मुलीचा किंवा तिच्या पालकांचा दोष नाही."

पत्राचा परिणाम दोन आठवड्यांत झाला. शाळेचं विजेतेपद काढून घेतलं. सरांना लेखी ताकीद मिळाली. राज्य संघाच्या यादीत राजीच्या जागी दुसरं नाव आलं आणि वसतिगृहाची जागा त्या नावाबरोबर गेली. सतरा वर्षांखालच्या गटातून तिला जागा मिळावी म्हणून सर दोनदा बिदरला जाऊन आले. वसतिगृहातला प्रवेश चौदाखालच्याच गटातून होता. प्रार्थनेच्या वेळी सरांनी सगळ्या शाळेसमोर हात वर केला आणि काय झालं ते सांगितलं. "मुंदिन बॉल" असं कुणी म्हटलं नाही. राजी माझ्या पुढच्या रांगेत उभी होती. तिने मागे पाहिलं नाही. दसऱ्यानंतर ती आईवडिलांबरोबर गेली.

डिसेंबरात सर तिला आणायला गेले. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात ऊसतोडीच्या टोळ्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोपी, घालून राहतात, तिथे. मी आणि अक्का बरोबर होतो. सरांनी तिचा ग्लोव्ह पिशवीत घेतला होता. राजी मोळ्या बांधत होती. तिने अक्कांच्या पाया पडून आम्हाला चहा केला. सर म्हणाले, "आमच्या घरी राहा. दहावी कर. अक्काला सोबत होईल." राजी म्हणाली, "हात तुमी वर केलाव, सर. आउट मी झाले." तिचा आवाज चढला नव्हता. सरांनी ग्लोव्ह पुढे केला. तिने चहाच्या कपबशा उचलल्या आणि विसळायला गेली. ग्लोव्ह पिशवीतून परत आला.

त्यानंतर सरांना आणखी एक सवय लागली. मैदानावर नवीन मुलगी आली की तिचं नाव विचारण्याआधी ते विचारत, "जन्माचा दाखला हाय का?" नसेल तर तिच्या बापाला घेऊन पंचायतीत जात, तिथून तालुका कचेरीत. बाजाराच्या दिवशी ते कचेरीच्या पायऱ्यांवर अर्ज भरत बसलेले दिसत. गर्भार बाई दिसली की तिला थांबवून सांगत, बाळंतपण दवाखान्यात कर आणि कागद घेतल्याशिवाय घरी येऊ नको. लोक चेष्टा करत. "मास्तर, अजून पोटातच हाय, तारीख कशी सांगू?" सर म्हणत, "सांगू नको. लिहून घे."

हात वर करायचा नियम त्यांनी बदलला नाही. मात्र "हात वर झाला की चूक संपली" हे वाक्य नंतरच्या मुलींनी ऐकलेलं नाही. मी त्यांतल्या बऱ्याच जणींना विचारलं. त्यांना "मुंदिन बॉल" एवढंच माहीत आहे.

राजीचा ग्लोव्ह सामानाच्या खोलीत खिळ्याला असे. दरवर्षी पावसाळ्यानंतर सर त्याला करडईचं तेल लावत. मधल्या वर्षांत दोन डावखुऱ्या मुली आल्या. त्यांच्यासाठी त्यांनी नवा ग्लोव्ह मागवला.

मी वर्तमानपत्रात लागल्यावर एकदा सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी. अंगणात बसून ते चेंडूची उसवलेली शिवण शिवत होते. बऱ्याच वर्षांचा प्रश्न मी विचारला. पत्र पाठवण्याआधी तुम्ही राजीशी का बोलला नाहीत?

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "विचारलं असतं तर ती न्हाई म्हणली असती. मग मला पाठवता आलं नसतं."

"म्हणून विचारलं नाही?"

"म्हणून विचारलं न्हाई." सुई बाजूला ठेवत ते म्हणाले, "नोंद केली ती पहिली चूक. ती मी सांगितली. ही दुसरी. हिच्यासाठी हात कुणापुढं वर करू, सांग."

मी राजीचं नाव घेतलं.

"तीनदा गेलतो," ते म्हणाले. "लग्नाच्या आधी एकदा, लग्न झाल्यावर दोनदा. चहा करती. पाया पडती. बोलायला बसत न्हाई." अक्का दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. सरांनी चेंडू माझ्याकडे टाकला. मी दोन्ही हातांनी झेलला. "कुठं टाकशील?" त्यांनी विचारलं.

सरांना त्यांच्या शेतात, त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे, बसवून माती दिली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या संघांच्या मुली आल्या होत्या. काहींच्या कडेवर मुलं होती. राजी आली नाही. तेव्हा ती ऊसतोडीवर होती आणि तिला निरोप पोचला होता, हे मी तिच्या भावाकडून पक्कं करून घेतलं आहे.

यंदा राजीच्या नवऱ्याने कोयता सोडला आणि हैदराबादेत काम धरलं. ती माहेरच्या तांड्यावर राहायला आली. जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ती मुलीला पहिलीत घालायला शाळेत गेली. लिपिक नवीन आहे. त्याने नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव लिहिलं आणि सवयीने विचारलं, "एक जून टाकू का?"

राजी म्हणाली, "न्हाई. दाखला हाय."

तिने पिशवीतून दाखला काढून टेबलावर ठेवला. ती नोंदवही मी नंतर पाहिली. तारीख दाखल्यावरचीच आहे.