लॅबमध्ये न पोचलेली बाटली

ताईच्या मानेत उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती. दाबली की अंगठ्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. पंचवटीत ती ब्लाउज शिवायची, त्यामुळे मशीनवर बसली की त्रास व्हायचा. "बटण दाबलं की करंट सुरू, बघ," म्हणत ती मलाच गाठ दाबायला लावायची. मी हात मागे घेतला की म्हणायची, "पन्नाशीला आलास, भित्रा तो भित्राच."

गाठ एका छोट्या दवाखान्यात काढली. सर्जन म्हणाले, चरबीची दिसते, तरी तपासून घ्या. काढलेली गाठ बाटलीत घालून देतात, ती नातेवाइकानेच लॅबमध्ये पोचवायची असते. औषधात बुडवलेली ती गाठ मी स्कूटरच्या डिकीत ठेवली. शनिवार होता, लॅब दुपारीच बंद झालेली. सोमवारी ऑफिसात मोठे साहेब आले. मंगळवारी आठवलं, पण उद्या जाऊ म्हटलं. दहा-बारा दिवसांनी डिकी उघडली तर झाकण सैल होऊन औषध सांडलेलं आणि गाठ वाळून गेलेली. मला लाज वाटली. सकाळी मी ती बाटली घंटागाडीत टाकली.

"काय आलं रे रिपोर्टात?" ताईने विचारलं.

"साधी गाठ आहे."

आठ महिन्यांत गाठ त्याच जागी परत आली, लिंबाएवढी. या वेळी एमआरआय झाला, सुईने तुकडा काढला. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, हाताकडे जाणाऱ्या नसेच्या आवरणाचा कॅन्सर आहे, क्वचितच कुणाला होतो. यात लवकर सापडणं महत्त्वाचं. "पहिला रिपोर्ट बघू."

"तो साधा होता," ताई म्हणाली. "याच्याकडे आहे."

मग मला सांगावंच लागलं. ताई एवढंच म्हणाली, "अरे, मी गल्लीत पेढे वाटले होते."

गाठीबरोबर नसही कापावी लागली. मग रेडिएशन झालं. तिचा उजवा हात आता खांद्यापासून लोंबतो. गेल्या स्कॅनमध्ये फुप्फुसांत ठिपके दिसले. केमोचा या आजारात फारसा उपयोग होत नाही, तरी देताहेत. तेव्हाच कळलं असतं तर, असं मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांना माझी दया आली असावी.

ताई माझ्याशी बोलते. जेवलास का, विचारते. पण रिपोर्टांची पिशवी ती माझ्याकडे देत नाही. काल रिक्षातून उतरताना तिचा तोल गेला, म्हणून मी पिशवीला हात लावला.

"राहू दे," ती म्हणाली. पिशवी डाव्या काखेत घट्ट धरून ती हॉस्पिटलच्या पायऱ्या चढू लागली.