आमच्या खोलीचा साचा

अमळनेर स्टेशनवर वडिलांनी माझी बॅग खिडकीतून आत ढकलली आणि म्हणाले, "पोचना का फोन कर." मायने तेवढंच सांगितलं, "कोनासंगे भांडू नको." गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. मला मुली आवडत नाहीत हे सांगण्यापेक्षा सुरतेला जाऊन कापडाच्या कारखान्यात लूम चालवणं सोपं होतं. गावात मागे राहिलेले तुम्ही सगळे समजत होतात, पोरगा पोटापाण्यासाठी चालला. तेही खरंच होतं म्हणा.

सुरतेत लिंबायतच्या खोलीत आम्ही आठ जण होतो. दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. तुमच्यातले जे इकडे आले त्यांना हे सांगायला नको. तिथेच परभणीकडचा विलास भेटला. वर्षभरात आम्ही दोघांनी भेस्तानला वेगळी खोली घेतली. घरमालक म्हणाला, "बे जण? चालसे." गावात हाडं मोडली असती अशी गोष्ट इथे 'रूम पार्टनर' म्हटलं की झाकून जात होती. सुरुवातीला आम्हाला त्याचं फार हसू यायचं.

सहा वर्षं आम्ही संसार केला. भाकरी त्याने थापायच्या, भांडी मी घासायची, आणि मोरी कुणी धुवायची यावरून दर रविवारी भांडण. मग त्याच्या घरून बोलावणं आलं. लग्नाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तो गेला तो परत आलाच नाही. शेजारी म्हणाले, "पार्टनर गेला? दुसरा बघून घे." त्यांचं काही चुकलं नाही. पण कुणाचं माणूस गेलं तर चार लोक येऊन बसतात, माझ्याकडे मात्र खोलीत जागा आहे का म्हणून विचारायला आले. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तोवर मी लूम सोडून नवागामला मूर्तींच्या कारखान्यात साचे काढायला लागलो होतो. काम नसलं की उरलेलं प्लॅस्टर घरी आणायचो आणि खोलीचेच साचे काढायचो. उंबरा, मोरी, खुंटी, पलंग. पलंगावरच्या गादीला दोन खड्डे पडले होते, एक त्याचा, एक माझा. तेही तसेच उतरले. कारखान्यात येणाऱ्या एका चित्रकलेच्या सरांनी ते पाहिलं आणि सुरतेतल्याच एका प्रदर्शनात ती सगळी खोली मांडायला लावली, पांढरीशुभ्र, खऱ्या मापाची.

ते बघायला माय गावाहून आली. लोक बुटांसकट आत जाऊन फोटो काढत होते. मायने प्लॅस्टरच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत गेली आणि प्रवासाने दमलेली ती सरळ पलंगावर टेकली. कलाकृतीला हात लावायचा नसतो, हे तिला कोण सांगणार? राखणदार धावला, त्याला मी थांबवलं. तिने बसल्या जागचा खड्डा हाताने चाचपून विचारलं, "आठे कोन झोपे?"

"विलास."

"तुना पार्टनर?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी म्हणालो, "तो निस्ता पार्टनर नव्हता, माय. आम्हना दोन्हीस्ना संसार व्हता."

ती म्हणाली, "आधी सांगाले काय व्हयनं व्हतं तुले?" आणि उठली. मला वाटलं, आता चालली. पण ती पदर सावरून तिथेच खाली फरशीवर बसली. आमच्याकडे मुलासुनेच्या पलंगावर वडीलधारी माणसं बसत नाहीत. थोरल्या भावाच्या घरी कितीही आग्रह केला तरी माय आजवर कधी त्याच्या पलंगावर टेकलेली नाही.

मीही तिच्या शेजारी खाली बसलो आणि लोकांसमोर रडलो.

दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी आता भेस्तान सांगतो. माझा संसार तिथे झाला, हे आता आम्हा दोघांशिवाय आणखी एका माणसाला ठाऊक आहे. विलासलाही हे सांगायचं आहे. त्याचा नंबर लागत नाही.