आधी पाणी

काउंटरवर उभं राहून मी किती वेळा "मोठं करू का?" म्हणालो असेन, त्याचा हिशेब देव ठेवत असेल तर ठेवो बापडा. किकवीच्या पुढं हायवेला एका परदेशी कंपनीचं बर्गरचं दुकान झालं आणि पहिल्याच भरतीत मी लागलो. आम्हाला पुण्यात नेऊन शिकवलं. गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकायचं, हसायचं आणि विचारायचं, मोठं करू का? म्हणजे पेला मोठा, बटाट्याचा पुडा मोठा, बिल मोठं. समोरचा माणूस घाईत असो, बायकोशी भांडून आलेला असो, हा प्रश्न काही चुकायचा नाही. एकदा उत्रोलीला एका लग्नात पंगतीला आमटी वाढता वाढता माझ्या तोंडून तेच निघालं. अख्खी पंगत हसून लोळली. तेव्हापासून भावकीत मला नावानं कुणी हाक मारीना, 'मोठं करू का' आला म्हणायचे.

पुण्यात आणखीही बरंच शिकवलं होतं. संडास मुद्दाम मागच्या टोकाला, म्हणजे नुसता लघवीला उतरलेला माणूससुद्धा तळणीच्या वासातून चालत जातो. कोन स्वस्त, कारण कोन पोराला आत ओढतो आणि पोर आईबापांना. पोरांच्या जेवणाबरोबर एक खेळणं, आणि ते सारखं बदलायचं, म्हणजे पुढच्या खेपेला पोरगं गाडीतूनच भोकाड पसरतं. खुर्च्या अशा की जरा टेकलं की कंबर बोलायला लागावी. बसून राहिला तर मागचा कुठं बसणार? कुणीतरी डोकं लावून केलं होतं सगळं, नाही म्हणून चालायचं नाही.

डोकं आबांनीही लावलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. जुन्या रस्त्याला फाट्यावर त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, चार बाकडी, चहा, भजी आणि मिसळ. गिऱ्हाईक बाकड्यावर टेकलं की आबा भट्टीपासून ओरडायचे, "एक नंबरला दोन पानी!" आणि मी जग-पेले घेऊन पळायचो. आधी पाणी, मग "काय खानार?" कुणी नुसतं पाणी पिऊन उठला तरी आबा त्याला "या परत" म्हणायचे. मी कुरकुरलो की सांगायचे, "आरं, पानी पिलेला मानूस आज न्हाई तर उद्या, लाजंनं तरी च्या पितोच." ही पण युक्तीच की! फक्त ती पुण्यात कुणी शिकवत नव्हतं.

मग रोड चौपदरी झाला. मधे डिव्हायडर आला, एस्टीचा थांबा पार पुढं सरकला. हॉटेल तिथंच राहिलं, गिऱ्हाईक तेवढं गेलं. एका दसऱ्याला आबांनी भट्टीची पूजा केली आणि नंतर ती पेटवलीच नाही. घरात बसले. म्हणजे उठायचे, दारात जाऊन हायवेकडं बघायचे, परत येऊन बसायचे. जेवण अर्ध्यावर आलं. मी दिवसभर उभा राहून पायाचे तुकडे पडल्यासारखा घरी यायचो आणि त्यांना तसंच बसलेलं बघायचो. मला दुसरा कसला घोर नव्हता. या माणसाला काहीतरी काम मिळालं पाहिजे, नाहीतर असाच बसून बसून संपेल, एवढंच डोक्यात फिरायचं.

एका दुपारी ते दुकानात आले. धुतलेला पायजमा, कडक टोपी. रांगेकडं न बघता सरळ जाऊन खुर्चीवर बसले. यात नवल काहीच नव्हतं. भोर-वेल्ह्याकडची जुनी माणसं आत आली की आधी टेबल धरायची आणि पाण्याची वाट बघायची. पाणी आलं की मग काय पाहिजे ते सांगायचं, ही आपली रीत. आमच्याकडं पाणी यायचं नाही. पाणी बाटलीत होतं आणि बाटली विकत घ्यावी लागायची. बिचारी बसून बसून एकमेकांकडं बघायची. मी लांबून ओरडायचो, "मामा, हितं यावं लागतं!" काही यायची, काही ओशाळून निघून जायची.

त्या दिवशी आबांच्या शेजारच्या टेबलाला गुंजवण्याचं एक म्हातारं जोडपं असंच बसलं होतं. आबांनी गाव विचारलं, पाऊसपाणी विचारलं. थोडा वेळ गेला. म्हातारीनं दोनदा वळून बघितलं. तेव्हा आबांनी मान वर केली आणि सगळ्या रांगेच्या डोक्यावरून असे ओरडले की तळणीवरचा गडी दचकला.

"एक नंबरला दोन पानी!"

माझे हात माझ्या आधी हलले. आतल्या नळाला दोन कागदी पेले भरले, काउंटरला वळसा घातला आणि जोडप्यापुढं ठेवून आलो. पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, माझं काय?" मी त्याला विचारलं, मोठं करू का? काचेमागून साहेब बघत होते. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, पुण्याचे, माझ्याहून वयानं लहान, माणूस वाईट नव्हता. म्हटलं, झालं, सुटली नोकरी.

साहेबांनी आत बोलावलं. "हे काका कोण?" सांगितलं. "काय आवाज आहे! आणि ते दोघं बघितलंत ना, उठून गेले नाहीत, पाणी पिऊन ऑर्डर द्यायला आले." मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. वरून आलं होतं म्हणे, दुकान परकं वाटता कामा नये, इथल्या मातीतलं वाटलं पाहिजे. दारात फेटा बांधलेला एक काका उभा करायचा. हात जोडून 'या, बसा' म्हणायचं, बस्स. "तुमचे वडील येतील का?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. देव पावतो म्हणतात तो असा. आबांना हाताला धरून आत आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फेट्याला हो म्हणाले. उभं राहायला हो म्हणाले. मग विचारलं, "आन् पानी कोन देनार?"

"पाणी नाही काका. पाणी काउंटरला विकत मिळतं. तुम्ही फक्त स्वागत करायचं."

"म्हंजी म्या बसा म्हनायचं, मानूस बसनार, आन् म्होरं?"

"पुढं तो येईल ना काउंटरला."

आबा उठले. "सायेब, राग मानू नगा. पर पानी द्यायचं न्हाई, तर बसा कुठल्या तोंडानं म्हनू?"

मी दारापर्यंत त्यांच्या मागं गेलो. असा संताप झाला होता! "आबा, दोन शब्द म्हनायचं व्हतं नुसतं! घरी बसून काय करनार हाय तुमी?"

"बसंन की," आबा म्हणाले. "घरात पानी तरी हाय."

फेटा काही वाया गेला नाही. भोरच्या एका बँडमधला ताशेवाला मिळाला. त्याला 'या, बसा' मीच शिकवलं, आबांच्याच ठेक्यात. झालं काय, पूर्वी थोडी माणसं बसायची, आता कुणीतरी हात जोडून बसा म्हणतंय म्हटल्यावर सगळीच बसायला लागली. बसायची आणि पाण्याची वाट बघायची. माझं ओरडणं तेवढं वाढलं.

पुढं वरून काही दुसरंच आलं आणि तो फेटेवालाही गेला. एका संध्याकाळी मी घरी येऊन उंबऱ्यावर बसलो होतो. बूट काढायचीही ताकद नव्हती. आबा म्हणाले, "अजून बसत्यात का रं मानसं, पान्याची वाट बघत?"

"न्हाई आबा. आता आधी काउंटरला येत्यात. बाटली इकत घेत्यात."

"मंग शिकली म्हनायची."

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात पेला होता आणि दुसऱ्या हातात भरलेला तांब्या. पेला माझ्यापुढं धरून, त्या लग्नाच्या पंगतीत सगळे हसले होते तसे हसत, म्हणाले, "मोठं करू का?"

मला हसायचंही त्राण नव्हतं. "करा," म्हटलं, आणि तांब्या घेतला.