नाना, अक्का आणि जाड सात नंबर

नाना गेले.

सकाळी अक्कांनीच, म्हणजे त्यांच्या बायकोनेच, फोन करून सांगितलं. "झोपेतच गेले रे. तू आधी चहा पी, मग सगळ्यांना लिही."

चहा झाला. लिहितोय.

नाना म्हणजे धुळ्याचे आमचे डॉक्टर. नोकरी लष्करात झाली, गोल्फ तिथेच शिकले. रिटायर होऊन घरी आले, तर आसपास कुठे खेळायला मैदान नाही.

मग सोनगीरजवळचं स्वतःचं शेत. कापूस निघाला, पऱ्हाटी उपटली, की आम्हा खेळणाऱ्या मित्रांचं मैदान तयार.

उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. बॉल आत गेला की गेला.

त्यावर नानांचा नियम होता, "भेग माफ." दंड नाही, दुसरा बॉल ठेवा.

नांगरटीला जुने बॉल वर यायचे. नाना म्हणायचे, "यंदा पीक बरं शे."

त्यांच्या आयर्न, म्हणजे गोल्फच्या लोखंडी काठ्या, जुन्या ब्लेड प्रकारच्या होत्या. पातळ, मागून सपाट. बॉल नेमका मधोमध लागला तर हाताला कळतही नाही. जरा चुकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या.

मागच्या वर्षी उजव्या हाताला पॅरालिसिसचा झटका आला. हात परत आला, पकड आली नाही.

प्रत्येक फटक्याला नाना ओठ चावायचे. आम्ही भेगांकडे बघत बसायचो.

पुण्याहून लेकीने नवा सेट आणला. कॅव्हिटी-बॅक. मागून पोकळ, कडेला वजन, खालून जाड. फटका थोडा चुकला तरी बॉल उडतो.

नानांनी एक उचलून बघितली.

"हा काय कलथा आणला? मी काय म्हातारा व्हयनू का?"

"पप्पा, मारून तर बघा."

"त्यापेक्षा खेळणं बंद करतो."

आणि खरंच बंद केलं. महिनाभर शेतात कुणी गेलं नाही. नाना गॅलरीत बसून राहायचे. डॉक्टर माणूस, पण व्यायामही सोडला.

एका रविवारी अक्काच म्हणाल्या, "चला सोनगीरला. मला मारायचाय."

अक्कांनी जन्मात कधी काठी धरली नव्हती. पदर खोचला, नव्या सेटमधली सात नंबरची आयर्न उचलली, आणि भाकरी थापावी तशी एक थाप दिली.

बॉल बांधावरच्या निंबावरून पलीकडे.

आम्ही वळून नानांकडे बघितलं.

नाना म्हणाले, "वारा होता."

"वारा ते समोरथीन शे," अक्का म्हणाल्या.

नाना आधी रागावले, मग इतके हसले की खाली बसले. उठताना आधाराला हातात आली ती तीच सात नंबर. तिनेच त्यांनी पुढचा बॉल मारला.

ओठ चावले नाहीत.

शेवटी त्यांनी बॅगेत दोन्ही ठेवल्या. लांबच्या फटक्याला जाड, जवळच्याला जुन्या पातळ. मी विचारलं, "नाना, ही खिचडी कशाला?"

"लांबचं लेक बघेल. जवळचं अजून मला जमतं."

गेल्या आठवड्यापर्यंत जमत होतं.

अंत्यसंस्कार आज दुपारी धुळ्यात. पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध पद्धतीची शोकसभा, रविवारी सोनगीरच्या शेतात. अक्कांचा निरोप आहे, हार आणू नका, हात मोकळे ठेवा. वंदनेनंतर प्रत्येकाने एक बॉल मारायचा. पातळ की जाड, ज्याचं त्याने ठरवायचं.

पहिला बॉल अक्का मारणार आहेत. कुठली आयर्न, ते विचारलं नाही.

नाना, निवांत जा. भेग माफ.